कोपरे हाताने करावे लागतात

दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको समोर बसली होती आणि एलिओ पेसेंती आपलं नेहमीचं वाक्य बोलण्याच्या बेतात होता. झुरिकच्या व्यवसाय मार्गदर्शन केंद्रात एकोणीस वर्षं काढल्यावर माणसाचं एखादं वाक्य ठरून जातं. एलिओचं होतं, "हे बघा, आपल्याकडे एकही दार कायमचं बंद होत नाही." डॉक्टरांच्या मुलाला विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम सोडून आचारी व्हायचं होतं, विद्यापीठाचं नाव काढलं की तो जेवणच टाकत होता, आणि बाईंनी आतापर्यंत तीन कागदी रुमाल ओले केले होते. एलिओने त्यांना सगळं समजावून सांगितलं. तीन वर्षं उमेदवारी, आठवड्यातले साडेतीन दिवस हॉटेलच्या स्वयंपाकघरात, दीड दिवस शाळेत. पुढे वाटलं तर परीक्षा देऊन वरची वाट मोकळीच. तुम्ही फक्त त्याच्या वाटेत आडवे पडू नका. हे तो बोलतो फार छान. आवाज खाली, हात टेबलावर, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत. अशी किती आईबापं त्याच्या खोलीतून हलकी होऊन गेली असतील. तर तो वाक्य सुरू करणार, इतक्यात फोन वाजला.

"पेसेंतीसाहेब? रुकश्टूल बोलतोय. गिलाव्याची कामं करतो आम्ही, आल्टस्टेटनला. करार पाठवलाय बघा तुमच्याकडे, तिन्ही प्रती. बाईंची सही झालीय, तुमची तेवढी राहिलीय. सोमवारपर्यंत द्या म्हणजे झालं. दुसरा एक अर्ज आहे माझ्याकडे, पण मला ही पोरगीच हवीय. हात आहे तिला."

"कोणाची पोरगी?" एलिओने विचारलं.

"कोणाची म्हणजे? तुमचीच की. फ्लुरिना." पलीकडचा माणूस मोकळेपणाने हसला. "म्हटलं, बापच मार्गदर्शनाचं काम करतो म्हटल्यावर घरातून अडचण कसली येणार. बाकीच्या सुशिक्षित लोकांच्या नाकदुऱ्या काढता काढता माझे केस पांढरे झाले."

एलिओने फोन खाली ठेवला. डॉक्टरांच्या बायकोने डोळे पुसून विचारलं, "मग तुमचं काय म्हणणं, करू द्यावं त्याला?" आणि एलिओ म्हणाला, "विचार करायला हवा." ती दोघं त्याच्याकडे बघतच राहिली. इतका वेळ ज्याने धीर दिला तो हाच का माणूस, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, असं काहीतरी सांगून त्याने त्यांना वाटेला लावलं.

संध्याकाळी टपालात आलेला रुकश्टूलचा लिफाफा पिशवीत टाकून तो ट्रामने न जाता झील नदीच्या काठाने पायी निघाला. फेब्रुवारी होता, काठावरचा बर्फ काळा पडला होता. राग आला होता, पण नेमका कोणाचा ते ठरत नव्हतं. रेगुलाने सही केली होती, म्हणजे बायको सामील. रुकश्टूलचं नाव पोरीला मिळालं कुठून? ते शोधायची गरजच नव्हती. 'शिकाऊ उमेदवारांना आठवडाभर काम करून बघू देणाऱ्या कारागिरांची यादी' त्याने स्वतः तयार केली होती, स्वतः छापून घेतली होती, आणि एक प्रत कौतुकाने घरी आणून फ्रिजच्या दाराला लावली होती. ऑक्टोबरच्या सुट्टीत फ्लुरिना मैत्रिणीकडे अभ्यासाला जात होती. नंतर दर बुधवारी दुपारी, शाळा लवकर सुटते म्हणून, गायनवृंदाच्या तालमीला. एकदा तिच्या कानामागे पांढरं काहीतरी दिसलं होतं तर तो म्हणाला होता, काय गं, पीठ लागलंय का. ती म्हणाली होती, हो, मैत्रिणीकडे केक केला. आणि त्याने विचारलं होतं की सध्या गाताय काय, तर तिने एका गाण्याचं नावही सांगितलं होतं. मार्गदर्शक म्हणे. घरातल्या पोरीच्या कानामागचा चुना ओळखता आला नाही, आणि तेही स्वतः गिलावा करणाऱ्या बापाच्या पोराला.

या गोष्टीने त्याला खरं तर रागापेक्षा भीती वाटली होती. छातीत, बरगड्यांच्या खाली, एक जुनी भीती असते त्याची, तिला तो चांगला ओळखतो. एकाहत्तर सालच्या मार्चात त्याच्या आईने त्याला बेर्गामोजवळच्या गावातून आणलं तेव्हापासूनची ती आहे. तो पाच वर्षांचा होता. मोटारीच्या मागच्या सीटखाली, पांघरुणांच्या बोचक्यामागे त्याला झोपवलं होतं आणि सरहद्दीवरचा माणूस बापाशी हवापाण्याच्या गोष्टी करत होता. बापाला गिलाव्याच्या कामाचा परवाना होता, नऊ महिने राबायचं आणि तीन महिने परत जायचं. आईला धुलाईच्या कारखान्यातला तसाच. पोर आणायची मुभा दोघांनाही नव्हती. मग शहराच्या चौथ्या विभागातल्या एका खोलीत एलिओ राहिला. राहिला म्हणजे नव्हताच. आई सकाळी सहाला जायची तेव्हा तेच तेच सांगून जायची. खुर्ची ओढायची नाही. नळ सोडायचा नाही. खिडकीपासून दोन हात लांब. शिंक आलीच तर उशीत. कोणी दार वाजवलं तर तू नाहीस. खालच्या मजल्यावरच्या बाईने परदेशी लोकांच्या पोलिसांना एक चिठ्ठी टाकली की तिघांनाही गाडीत बसवून देतील, हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. आणि रस्त्याच्या पलीकडे शाळा होती. ती त्याने कधी पाहिली नाही, फक्त ऐकली. घंटा झाली की दोनशे पोरं एकदम ओरडत बाहेर यायची, आणि इकडे हा पलंगाच्या कडेला बसून, तोंड मिटून, ते ओरडणं ऐकायचा. शाळेत काय शिकवतात याची त्याला काही कल्पना नव्हती. शाळा म्हणजे जिथे ओरडलं तरी कोणी नेत नाही ती जागा, एवढंच त्याला कळलं होतं. दोन वर्षं आणि सात महिने. मग बापाला वर्षभराचा परवाना मिळाला आणि साडेसात वर्षांच्या एलिओला नव्या बुटांत शाळेत नेऊन उभं केलं. पहिल्या सुट्टीत सगळे ओरडत होते, आणि हा मध्यभागी उभा, ओरडायला तोंड उघडलेलं, आवाज काही येईना. बाईंना वाटलं, पोर मुकं आहे.

मुकं नव्हतं. तीन वर्षांत त्या पोराने सगळ्यांना मागे टाकलं. त्या गल्लीतून गिम्नाझियममध्ये गेलेला तो पहिला, आणि बरीच वर्षं एकटाच. बाप त्याच्या प्रगतीपुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायचा. "तू चुन्याला हात लावायचा नाहीस," असं सांगायचा. हे वाक्य एलिओने आयुष्यभर जपलं. चौऱ्याण्णव साली बाप हृदयविकाराने गेला, फ्लुरिना तेव्हा दोन वर्षांची होती, आणि शवपेटीशेजारी उभं राहून एलिओने मनातल्या मनात बापाला सांगितलं होतं की हीसुद्धा लावणार नाही. तीन वर्षांपूर्वी फ्लुरिनाने प्रवेश परीक्षा दिली तेव्हा आधीचे चार महिने तो रोज तिला घेऊन बसत होता. निकाल लागला त्या दिवशी शहाण्या माणसासारखा तो 'छान' एवढंच म्हणाला, आणि मग बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडला. म्हणजे ही पोरगी जे परत करायला निघाली होती ते तिचं एकटीचं नव्हतं. निदान एलिओला तसं वाटत होतं, आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोचेपर्यंत त्याने ते नीट वाक्यांत बांधूनही ठेवलं होतं.

घरी ब्रेड, चीज आणि दूधकॉफी मांडलेली होती. त्याने बसता बसता विचारलं, "गाणं कसं चाललंय?"

फ्लुरिनाने सुरी खाली ठेवली. "रुकश्टूलचा फोन आला ना?"

"तू चार महिने खोटं बोललीस."

"बोलले. चुकलं. पण विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"विचार करू म्हणालो असतो."

"बघ. लोकांच्या पोरांना दोन वाक्यांत मोकळं करतोस. माझी वेळ आली की तुला विचार करायचाय."

"तुला लॅटिनमध्ये सहापैकी साडेपाच आहेत, फ्लुरिना."

"आहेत. मग? साडेपाच आहेत म्हणून जन्मभर लॅटिनच करत बसू? पापा, मला त्या वर्गात बसलं की हात कुठे ठेवू कळत नाही. तिकडे बादली कालवायला घेतली की दिवस कधी संपला तेही कळत नाही."

"पहिले चार दिवस सगळ्यांनाच तसं वाटतं. चाळिशीत खांदा धरतो, गुडघे जातात. मी पाहिलंय."

"तूच छापलंयस ना की आता गुडघ्याला पट्टे देतात आणि छताला यंत्र असतं? पान अकरा."

रेगुलाला हसू आलं, ते तिने कॉफीत लपवलं. ती टोगेनबुर्गच्या डोंगरातली, बाप चीज करायचा, भाऊ विजेची कामं करतो, आणि त्यांच्या घरात कोण काय शिकलं यावरून कधी कोणी जेवण टाकलेलं नाही. ती म्हणाली, "आमचा उएली सोळाव्या वर्षी उमेदवारीला गेला. आईने डबा दिला आणि बाबा म्हणाले, शिडी नीट बघून चढ. संपलं."

"तुमची गोष्ट वेगळी," एलिओ म्हणाला.

"काय वेगळी?"

"तुम्ही परांचीवर चढलात तरी तुम्हाला खाली उतरायला जागा असते. आमच्यासारखा बाहेरून आलेला माणूस परांचीवर चढला की लोकांना तो तिथलाच वाटतो."

मग फ्लुरिना म्हणाली, "मी इथलीच आहे पापा. मला कोण काय वाटून घेणार आहे?" ती हे अगदी मऊपणे म्हणाली, त्याला समजावल्यासारखं, आणि त्यामुळे त्याला ते जास्त लागलं. त्याने बांधून आणलेली वाक्यं तशीच राहिली. भांडी पुसताना रेगुलाने त्याला हळूच सांगितलं, "माझ्या एकटीच्या सहीवर चालेल असं रुकश्टूल म्हणत होते. तीच नको म्हणाली. तुझी सही नसेल तर ती जाणार नाही म्हणते. सोमवारी जागा दुसऱ्याला देऊन टाकतील. आता तू बघ बाबा." म्हणजे अडवायला त्याला काहीही करावं लागणार नव्हतं. शनिवार आणि रविवार नुसता गप्प बसला असता तरी झालं असतं. गप्प बसणं तर त्याला लहानपणापासून येत होतं, आणि हे लक्षात आलं तेव्हा त्याची त्यालाच किळस आली.

शनिवारी सकाळी तो आईकडे गेला, खरं सांगायचं तर साक्षीदार मिळवायला. एर्मिना आता बहात्तरची आहे, आल्बिसरीडनला एका खोलीत राहते, आणि कोणी मदत करतो म्हटलं की चिडते. ही ऐकून हंबरडा फोडेल, मग तिला घेऊन फ्लुरिनासमोर बसू, असा त्याचा बेत. आई चिकरीची कडू पानं निवडत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने एक जून पान बाजूला टाकलं आणि विचारलं, "हात कसा आहे तिचा?"

"काय?"

"हात रे. थापी कशी धरते?"

"मला काय माहीत."

"मग तुला माहीत तरी काय आहे? नुसता ओरडत आलास."

"मी ओरडलो नाही मम्मा. मी म्हणतोय, बाबांना काय वाटलं असतं. ते काय म्हणायचे? तू चुन्याला हात लावायचा नाहीस."

"म्हणायचे खरे. पण कधीपासून म्हणायला लागले, आठवतं?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून कुठलं? तू दुसरीत होतास तेव्हापासून." आईने हात पुसले. ती रागावलेली नव्हती, पण एखादी गोष्ट फार दिवस आपल्याकडेच राहिली असं तिला वाटत असावं, तशी ती बोलत गेली. "एकदा पावसामुळे काम दुपारीच बंद झालं. हे म्हणाले, आज पोराला शाळेतून मी घेऊन येतो. तू शाळेत जायला लागल्यापासून पहिल्यांदाच. रस्त्यात भाजलेले चेस्टनट घेतले पुडीभर. आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले, तसेच, डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे. तू पाहिलंस आणि दुसऱ्या फाटकाने निघून आलास. घरी आल्यावर त्यांना म्हणालास, त्या कपड्यांत येत जाऊ नका, पोरं बघतात. हे हसले. म्हणाले, बरं. मग जेवताना मला म्हणाले, एर्मिना, हा काही चुन्याला हात लावणार नाही. आणि मग तुलाही तेच सांगायला लागले. ती काय आज्ञा होती होय? तुझंच म्हणणं होतं, ते त्यांनी तुला परत दिलं."

"मला हे आठवत नाही," एलिओ म्हणाला.

"नसेल. तू आठ वर्षांचा होतास. त्यांनीही मनात ठेवलं नाही कधी. पण ते छत राहून गेलं ना, त्याचं मला अजून वाईट वाटतं."

"कुठलं छत?"

"नदीकाठची ती जुनी बिअरची खानावळ आहे बघ, लाकडी बाकांची. बहात्तर साली तिचं छत नव्याने केलं ते यांनी आणि आणखी एकाने. त्या दोन महिन्यांत मला दुसरं काही बोलू दिलं नाही. घरी आले की मेणकापडावर बोटाने काढून दाखवायचे. कडेचे कंगोरे सरळ ओढायला साचा असतो म्हणे, तो ओढला की झालं. पण कोपऱ्यात साचा शिरत नाही. कोपरे हाताने करावे लागतात. मला काय कळणार त्यातलं, मी आपली हं हं म्हणायची. तू पलंगावर बसलेला असायचास. म्हणायचे, परवान्याचे कागद हातात आले की पहिल्या रविवारी पोराला घेऊन जातो आणि दाखवतो. कागद आले. मग तू शाळेत अडकलास, मग ते फाटकाचं झालं, मग नाहीच नेलं." ती पुन्हा पानांकडे वळली. "जेवून जाणार असशील तर मक्याचा पोलेंटा टाकते."

तो जेवला नाही. ट्रामच्या थांब्यावर उभा राहिला आणि दोन ट्राम जाऊ दिल्या. फाटक काही केल्या आठवेना. पण चेस्टनट आठवले. टेबलावर ठेवलेली कागदाची पुडी, वरून तेलकट झालेली, आणि आपण ते सगळे, एकेक सोलून, शेवटपर्यंत खाल्ले हे आठवलं. गरम होते. बाप समोर बसून बघत होता आणि त्याने एकही घेतला नाही. एलिओला इतकी लाज वाटली की शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाहीये का तुम्हाला. चौतीस वर्षं आपण आईबापांना सांगत आलो, म्हणजे एकोणीस वर्षं नोकरीत आणि त्याआधी स्वतःलाच, की आपल्या बापाने आपल्याला वर ढकललं. त्याने ढकललं नव्हतं. तो नुसता बाजूला झाला होता.

खानावळीत तो तीनच्या सुमाराला पोचला आणि अर्धा तास छताकडे बघत बसला. उंच छत, धुराने पिवळसर झालेलं, कडेने कंगोऱ्यांची जाड पट्टी. छत होतं, बस. जर्मन वाचता येत नव्हतं तेव्हा पाट्यांकडे तो जसा बघायचा तसंच हे झालं. काहीतरी लिहिलंय एवढं कळत होतं. मग त्याने फ्लुरिनाला फोन करून बोलावून घेतलं. ती आली ती ओठ आवळून, आता दोन तास भाषण ऐकायचं अशा तयारीने. कोट न काढताच बसली.

"मी गाण्याबद्दल आणखी एकदा माफी मागायची का?" ती म्हणाली.

"नको. वर बघ जरा. काय दिसतं ते सांग."

"परीक्षा आहे का?"

"नाही गं. मला कळत नाही, म्हणून विचारतोय."

तिने त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं, मग वर पाहिलं. मग तिने कोट काढला. नदीकडच्या खिडक्यांतून ऊन तिरकं येत होतं आणि ती मान वाकडी करकरून त्या उन्हाच्या दिशेने बघायला लागली. "चुन्याचं आहे, नंतरच्या सिमेंटचं नाही," ती म्हणाली. "दोन माणसं होती. इथपर्यंत एक, तिथून दुसरा. तो खिडकीकडचा घाईत असायचा, त्याचे हात उठलेत सगळे. आणि हा इकडचा, हा... थांब." ती उठून बाकांच्या मधून चालत गेली, परत आली. "हा बहुतेक डावरा होता. थापीचे फेर उलट्या बाजूने गेलेत, दिसतात का? तिरक्या उजेडात दिसतात."

एलिओला दिसले नाहीत. पण डाव्या हाताने चमचा धरणारा बाप दिसला.

"कंगोरे साच्याने ओढतात," फ्लुरिना आपल्याच नादात सांगत होती, "त्यात काही कळत नाही, ते सगळ्यांचे सारखेच येतात. माणूस कळतो कोपऱ्यात. त्या घाईवाल्याचे दोन्ही कोपरे बघ, भरले आणि सोडून दिले. खालून कोणाला कळतंय म्हणा. आणि या डावऱ्याचे बघ. पापा, हा कोपरा त्याने किमान दोनदा काढून पुन्हा केलाय. सगळ्या रेषा एका बिंदूत आणल्यात. रुकश्टूलसुद्धा इतका जीव काढत नाही. पाच मीटर उंचीवर कोण बघणार आहे? पण याने कोणीतरी येऊन बघणार आहे असं धरूनच केलंय."

"हो," एलिओ म्हणाला. शेवटी त्याने एकेक शब्द करून सांगितलं, "ते तुझे आजोबा. मला दाखवायचं होतं त्यांना. मी आलो नाही."

फ्लुरिनाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या पंधरा वर्षांच्या पोरीने बूट काढले, भिंतीकडच्या बाकावर चढली, तिथून टेबलाच्या कडेवर एक पाय दिला, आणि त्या कोपऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन, मान मागे टाकून बघत राहिली.

वाढणारी बाई हातात चार ग्लास घेऊन आली ती तिथेच थबकली. "अहो, हे काय चाललंय? उतरा आधी खाली. टेबल आहे ते, जेवतात लोक त्याच्यावर."

एलिओ उभा राहिला. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे पत्ते खेळत होते, त्यांनी माना वळवल्या, आणि पलीकडच्या दोन टेबलांवरच्या लोकांनीही.

"बघू दे तिला," तो म्हणाला. "माझी मुलगी आहे. गिलाव्याचं काम करते."

बाईने वर पाहिलं, मग पोरीकडे, मग त्याच्याकडे. "बरं, पण पडली तर मी जबाबदार नाही," ती म्हणाली आणि ग्लास ठेवायला वळली. एलिओने पिशवीतून लिफाफा काढला, तिन्ही प्रती टेबलावर फ्लुरिनाच्या पायाशेजारी मांडल्या आणि बाईला हाक मारली.

"अहो, तुमचं ते पेन जरा द्या."